भरतीसाठी समुद्रावर

शुक्रवार, १० फेब्रुवारी १९७८
प्लॅन फायनल. सोमवारी सकाळी कोल्हापुरात मिलिटरीची भरती. मार्चमध्ये माझं वय उलटतंय, म्हणजे ही शेवटची. गेल्या वेळी पळताना दम लागला, पण त्यात माझी चूक नव्हती. आमच्या गडमुडशिंगीत गुऱ्हाळांचा धूर फार.
उपाय: शनिवार-रविवार समुद्र. वाळूत पळालं की पिंढऱ्या घट्ट होतात, खाऱ्या वाऱ्यानं छाती फुगते. कुणीतरी सांगितलंय. माझ्या दोस्ताची, गुंडूची मावशी बनाबाई देवगडच्या अलीकडं किनाऱ्यालाच राहते. गुंडूला चल म्हटलं, त्यालापण भरतीला उतरायचंय. तो म्हणाला, मी आपला माळावर पळतो. पोराला मोठा विचारच नाही.
अब्बांना सांगितलं. ते खाटेवर बसून होते. वेल्डिंगनं डोळे गेले त्यांचे, माणूस ढगासारखा दिसतो म्हणतात. दिवाळीपास्नं कारखान्यात जात नाहीत. घरात पैसा आणणारं दुसरं कोणी नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा माझ्या भरतीवर. अब्बा म्हणाले, सिकंदर, भरती झाल्यावर जा की, समुद्र काय पळून चाललाय व्हय? मी म्हटलं, ही मौज न्हाय, ट्रेनिंग हाय. मग खाटेवर आडवे झाले. पटलं असणार.
रविवारी संध्याकाळपर्यंत परत. शब्द दिलाय.

शुक्रवार, दुपार. राधानगरी.
एसटी चहाला थांबली. म्हटलं तेवढ्यात धरण बघून येऊ. गाडी सोडून गेली. कंडक्टर घाईचा माणूस. आता गुळाच्या ट्रकवर बसून लिहितोय. एका अर्थी बरंच, मोकळी हवा इथूनच सुरू.

शनिवार, ११ फेब्रुवारी
पोचलो. जागा एकदम झकास. झावळ्यांची खोपी, सारवलेलं अंगण, मागं सुरूची झाडं, पुढं नुसतं पाणी. लाईट नाही, रेडिओ नाही. असल्या ठिकाणी माणूस सुधारतोच. बनाबाई म्हणाली, गुंडूचो दोस्त म्हणजे आमचोच, काय व्हया ता खा. खाल्लं. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात. पोटात एवढं घेऊन पळणं तब्येतीला धोक्याचं, म्हणून पडलो.
संध्याकाळी पळायला सुरुवात. सुरुवात चांगली झाली. मग वाळूत बारके खेकडे दिसले, एक बिळात गेला, दुसरा कुठनं निघतो बघत बसलो. सूर्य बुडाला. तरी छाती भरल्यासारखी वाटतेय. हातानं मोजून बघितली.
उद्या डबल पळणार.

रविवार, १२ फेब्रुवारी, दुपार
सकाळी अंग दुखत होतं. दुखणं म्हणजे ट्रेनिंग लागू पडल्याची खूण.
दुपारच्या एसटीला निघालो होतो. खोटं नाही लिहीत, पिशवी खांद्याला होती. वाटेत जानू तांडेल भेटला, होडीचा मुख्य. कुठं निघालास म्हणाला. म्हटलं, भरतीला. तो म्हणाला, भरती हयच आसा मरे, उद्या फाटफटी. ये तू, आमका माणसां कमी पडतत.
मी थांबलो. विचारलं, कागदपत्रं? म्हणाला, कागद कित्याक? दंडात जोर होयो. विचारलं, वयाची अट? हसला. म्हणाला, माझो बापूस येता अजून.
सगळं डोक्यात लख्ख झालं. समुद्र म्हटल्यावर नेव्ही! हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. आणखी खात्री करून घेतली. भरती इथं रोज असते म्हणे, आणि दिवसातून दोनदा. कोल्हापूरला वर्षातून एकदा. म्हणूनच आपली माणसं मागं राहतात.
एसटी सोडली. अब्बांना आता मिलिटरीपेक्षा मोठी बातमी देणार. युनिफॉर्म पांढरा असतो.

सोमवार, १३ फेब्रुवारी
फटफटायला किनाऱ्यावर हजर. अंघोळ करून, भांग पाडून, चड्डीवर. बाकीचे लुंगी गुडघ्यावर बांधून आलेले, शिस्त कमी. मी छाती काढून सावधानमध्ये उभा राहिलो. बनाबाई म्हणाली, काय रे, पाठ धरली काय?
मग टेस्ट. लांब दोरी, दोरीचं दुसरं टोक समुद्रात. सगळ्यांनी मिळून ओढायचं. मी सगळ्यात पुढं. तळहात सोलले, पण सोडली नाही. तांडेल ओरडला, शाब्बास रे घाटी! आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी जाळं वर आलं, मासळीनं भरलेलं.
मला टोपलीभर तारले मासे दिले. मी जानूला म्हटलं, हे ठीक, पण साहेब कुठायत? ऑर्डर हातात देणार का पोस्टानं?
त्यांनी आधी एकमेकांकडं बघितलं. मग वाळूतच बसले सगळे. एक जण लोळला.
बनाबाई हसली नाही. तिनं माझ्या पायाकडं बोट केलं. पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. म्हणाली, बाबा, ही भरती. ह्या पाण्याक भरती म्हणतत.
कोल्हापुरात यावेळी नावं पुकारत असतील.
शब्दच चुकीचा ठेवलाय त्यांनी.

मंगळवार, १४ फेब्रुवारी
घरी. वाटेत कारणं तयार केली होती. घाटात दरड हे सगळ्यात चांगलं. कुणी विचारलंच नाही.
अम्मीनं सांगितलं. काल अब्बा गुंडूच्या खांद्यावर हात ठेवून मैदानावर गेलेले. माझी रांगेतली जागा धरून उभे होते. माझं नाव पुकारलं तेव्हा ओरडले, हाय की, येतोय, जरा पोटाची भानगड झालीया. हवालदार थोडा थांबला. दुसऱ्यांदा पुकारलं, परत तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, तोवर माझी छाती मोजून घ्या, पोराची हितनं चार बोटं जास्तच भरंल. पोरं हसली. मग हवालदारानं हाताला धरून त्यांना बाजूला सावलीत बसवलं.
गुंडू निवडला गेला. पेढे आणून ठेवलेत. ट्रेनिंगला बेळगावला जायचंय त्याला.
मी अब्बांना म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. ते म्हणाले, व्हय. वय उलटतंय हे त्यांना माहीत आहे. शाळेत जन्मतारीख त्यांनीच सांगितलेली.

बुधवार, १५ फेब्रुवारी
अब्बा म्हणाले, कारखान्यापर्यंत ने. नेलं.
मालकांना म्हणाले, चाचपून करतो, हाताला सगळं ठावं हाय. मालकांनी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, मीरासाब, तुम्ही घरी बसा, ह्याला हेल्पर म्हणून ठेवतो, आजपासून.
मी विचार करून सांगतो म्हणणार होतो. त्याआधीच अब्बा बोलले. नको मालक, त्याला अडकवू नका. त्याला भरतीला जायचंय.
मालक बाजूला सरले. मीही.
अब्बांनी भिंत चाचपत जाऊन खुंटीवरचा काळा चष्मा काढला, डोळ्यांवर घातला, वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. ठिणग्यांकडं बघू नये, डोळे जातात. मी दाराकडं तोंड करून उभा राहिलो.