टाका न धरणारं कापड

प्रिय धाकटी रबर,

पाय वर घेऊन नीट टेकून बस आणि मग वाच. शाळेतलं नाव काढलं म्हणून नाक मुरडू नकोस, आज त्या नावाशीच काम आहे. आठवतंय ना, पाहुणे आले की आई आपल्याला हाक मारायची, आणि आपण दोघी अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवायचो, कोपराची कातडी चिमटीत धरून ताणून दाखवायचो? पाहुणे ‘अगबाई’ म्हणायचे आणि तू लगेच खाऊसाठी हात पुढे करायचीस. लबाड कुठली!

तर बातमी अशी, की मी पोटाच्या ऑपरेशनसाठी सर्जनबाईंकडे जाऊन आले. ढब्बू बाहेर येऊन रांगायला लागली, तरी माझं पोट अजून तिची वाट बघत बसलंय. बसले की कातडीची घडी मांडीवर येते. तुझे भावजी म्हणतात, मला काही फरक पडत नाही. त्यांना नसेल पडत, पण आरशासमोर मला उभं राहावं लागतं. दिवसभर दुकानात लोकांच्या कपड्यांची शिवण आत घेऊन ते मापात बसवते, मग माझंच तेवढं ढगळ का राहावं? ऑपरेशन करायचंच, असं मनाशी पक्कं केलं होतं.

बाई आधी पोट बघतील असं वाटलं होतं. त्यांनी गुडघे बघितले. लहानपणी पडल्याच्या खुणांवरून बोट फिरवलं. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ आहेत त्या, तुझ्याही आहेत. मग विचारलं, बाळंतपणातले टाके लवकर भरले का. मी सांगितलं की पुन्हा पुन्हा उसवले, रक्तही खूप गेलं, आणि घरीदारी सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं की घाईने उठली असशील. बाई म्हणाल्या, अंगठा वाकवून दाखवा. मी आपली हौसेने दाखवला. या वेळी कोणीच ‘अगबाई’ म्हटलं नाही.

कातडी, सांधे, रक्तवाहिन्या ज्या धाग्यांनी बांधलेल्या असतात, तेच माझ्यात जन्मापासून कच्चे आहेत म्हणे. सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय त्या सुरी लावणार नाहीत. नंतरही धोका राहीलच, कारण अशी कातडी टाका धरत नाही. अगं, हे वाक्य तर माझं! विरलेलं कापड घेऊन कोणी आलं की मी हेच सांगून पिशवी परत करते. त्यांच्यासमोर मला हसूच फुटलं, आणि रिक्षात बसल्यावर रडू.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. पोट तेच होतं, जरासुद्धा सुंदर झालं नव्हतं. पण मी त्याच्यावर हात ठेवला आणि थक्क झाले गं. जे कापड मी दुकानात हातातही धरलं नसतं, त्यात ही मुलगी वाढली, लाथा मारत राहिली, उलटीसुलटी झाली, आणि ते फाटलं नाही. ताणत गेलं, ताणत गेलं, आणि तिला धरून राहिलं. मी एवढी वर्षं शिवणकाम करते, पण हे कसं झालं ते मला कळत नाही. ढब्बू खाली माझा पाय धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. मला तिच्याकडे बघावं की पोटाकडे, सुचेना. ऑपरेशनचा विचार मी गुंडाळून ठेवलाय. आरसा बघून वाईट वाटायचं ते वाटतंच, पण आता सोबत नवलही वाटतं.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिलं. हे दुखणं रक्ताच्या नात्यात उतरतं. तुला सातवा महिना लागलाय आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच माहीत नाही. तुझं पोटही बाळाला धरून राहील, मला खात्री वाटते. पण तुझे टाके उसवू नयेत, रक्त जाऊ नये, त्याची तयारी त्यांना आधीच करू दे. तेव्हा उद्याच जा, हे पत्र त्यांना वाचायला दे, आणि अंगठा मनगटाला टेकवून दाखव. खाऊ मी पाठवते.

तुझीच, तुझ्याइतकीच कच्च्या धाग्याची,
मोठी रबर