नळीखालचं लाकूड

प्रिय डेन्झिल,

रोंडाचा फोन आला. तुझी लेक गुणी आहे, तुझा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला: "आत्याला म्हणावं, माझ्या बंदुका मी बर्लला देऊन टाकल्या. आता तुझ्याकडची बाबांचीही देऊन टाक. वापरणारं कुणी उरलं नाही." शनिवारी दुपारी तो जुन्या बंदुका घेऊन विकणारा बर्ल पिकअप घेऊन माझ्याकडे येणार आहे म्हणे. येऊ दे. मी त्याला कॉफी देईन, सफरचंदाच्या पायचा चांगला जाड तुकडा देईन आणि हात हलवत परत पाठवीन. बंदूक मिळणार नाही. आणि वापरणारं कुणी उरलं नाही म्हणजे काय रे? मी काय मेले? चौऱ्याहत्तरची आहे, दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय, आणि गेल्या सोमवारी शेडमागच्या हिकरीच्या झाडावरून त्याच बंदुकीने दोन खारी पाडल्या. रस्सा करून घरी भाजलेल्या मऊ बिस्किटांवर ओतला आणि एकटीने खाल्ला, लोण्यासकट. डॉक्टरने लोणी बंद केलंय, पण तो काही माझ्या स्वयंपाकघरात राहत नाही.

जूनमध्ये तुला पक्षाघाताचा झटका आला, डावी मूठ मिटली ती उघडेना, हे सगळं मला ठाऊक आहे. पाय चालतात, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालते असं रोंडा म्हणते. तरी तू जूनपासून त्या खुर्चीत बसून आहेस, मला येऊ देत नाहीस, आणि एकेक वस्तू घराबाहेर काढतो आहेस. आधी रंधे, मग पटाशा, आता बंदुका. माणूस जिवंतपणी स्वतःचं तेरावं घालताना मी पहिल्यांदाच पाहते आहे. रागव हवं तर. तू रागावलास की निदान सरळ बसतोस.

बाबांच्या बंदुकीची तू आयुष्यभर टर उडवलीस, आठवतंय? तुझी ती एका वेळी एक गोळी भरायची, दर वेळी खटका ओढायची रायफल घेऊन ऐटीत उभा राहायचास आणि म्हणायचास, "चाप दाबला की पुढची गोळी आपली आपण वर येते, ही काय बंदूक आहे? हे तर शिवणाचं मशीन. एका गोळीत भागत नसेल तर माणसाने घरी बसून मोजे विणावेत." आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "दोन हातवाल्यांनी मला अक्कल शिकवू नये." लाकडाच्या गिरणीत त्यांचा डावा हात कोपराखाली गेला तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी साडेपाच. त्यांनी ती बारीक गोळीची जुनी पॉइंट टू टू रायफल त्याच हिवाळ्यात घेतली. दर गोळीला खटका ओढायला दुसरा हात आणायचा कुठून? गुडघ्यांत धरून दस्त्यातली गोळ्यांची नळी उपसायची, बाजूच्या भोकातून दहा गोळ्या एकेक करून आत सोडायच्या, आणि पहिली वर घ्यायला नळीखालची दांडी कुंपणाच्या खांबावर टेकवून दाबायची. आईने एकदा मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तू कणसं सोल."

मला ती तेव्हापासून आवडते. थंडीत रुसते, स्वस्तातली गोळी तिला चालत नाही, गोळ्यांवरचं मेण आत साचलं की अडून बसते. मग रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर तिची मनधरणी करायची. पण लागली की काय गोड चालते! टक टक टक, खांदा ढिम्म हलत नाही, आणि उजवीकडे उभ्या असलेल्या शहाण्याच्या कॉलरमध्ये गरम रिकामं काडतूस पडतं. तो शहाणा बहुतेक वेळा तूच असायचास. तुझ्या त्या नाचासाठी मी मुद्दाम तुझ्या डावीकडे उभी राहायचे, आज कबूल करते.

आता जे तू कधी बोलला नाहीस ते मी बोलते. बाबांच्या सत्तरीला तू त्या बंदुकीचं नळीखालचं, डावा हात टेकवायचं लाकूड नवीन करून दिलंस. अक्रोडाचं, लाटांलाटांचं, महिनाभर घासून आरशासारखं केलेलं. जुनं किडलेलं, तेलकट होतं ते शेगडीत घातलंस. त्या जुन्यात एक खाच होती. बाबांनी चाकूने कोरलेली, त्यांचा अर्धा हात बसेल इतकी. तुला वाटलं, कुणीतरी लाकूड बिघडवलंय. सुताराचा डोळा, त्याला वाकडं दिसलं की सरळ करायची घाई. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, टर्की ओव्हनमध्ये असताना, दर वर्षीच्या नेमबाजीला सगळ्यांत थोरले म्हणून बाबा पहिले उभे राहिले. कुंपणावर बीन्सचे दहा डबे. अर्धा हात त्या चकचकीत लाकडावरून घसरत राहिला. दोन पडले. ती खाच कशाला होती ते तुला तेव्हा उमगलं. त्यानंतर तू त्या बंदुकीला ना हात लावलास, ना नावं ठेवलीस.

तुला वाटलं, बाबा मनात धरून बसले. खोटं. मी त्यांना त्याच संध्याकाळी म्हटलं होतं, पुन्हा खाच पाडा. तर माझ्यावरच खेकसले, "पोराने महिनाभर जीव ओतलाय त्यात. मी त्याच्यावर चाकू चालवू?" पुढची नऊ वर्षं ते खांबावर टेकवून नेम धरत राहिले आणि आल्यागेल्याला ते लाकूड दाखवत राहिले. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी चूक. पण तूही कधी विचारलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट.

बर्ल वर्षभर माझ्या मागे लागलाय तो त्या लाकडासाठीच. "ओरखडासुद्धा नाही, विल्डाताई, शौकीन लोक तुटून पडतील." म्हणून मंगळवारी मी बाबांचा चाकू काढला आणि त्या लाकडावर चालवला. दोन दिवस लागले. माप माझ्याच डाव्या मुठीचं घेतलं. लहानपणी इतकी मारामारी केली आहे आपण, तुझी मूठ आणि माझी मूठ एकाच मापाची, हे मला कुणी सांगायला नको. मिटलेली मूठ त्यात बरोबर बसते, घसरत नाही, मी दहातले आठ डबे पाडून पाहिलेत. आता ती बंदूक बर्लच्या काही कामाची नाही, तुझ्या आहे. राहील ती माझ्याकडेच, माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली. यायचं तू आहेस. शनिवारी सकाळी दहाला रोंडा तुला गाडीत घालून आणणार आहे, आमचं ठरलंय, तुला विचारलेलं नाही. डबे मी मांडते. खाच जरा वाकडी झाली आहे. सुतार तू आहेस, ये आणि समोर उभा राहून शिव्या घाल.

तुझीच, दीड वर्षाने मोठी आणि अजून तुझ्या डावीकडे उभी,
विल्डा