थंड बोनेट

होसूर,
२१ सप्टेंबर २०२५

नानाजी,

राजदीपचा मनापासून जयभीम.

तुमचा खांदा अजून वर होत नाई, असं इंदुताईनं फोनवर सांगितलं. शेक घेत जा. माहं बरं आहे. इथी बॅटरीवाल्या स्कूटरीच्या कारखान्यात सहावा महिना चालू आहे. याच्या आधी मी कुठीच तीन महिन्यावर टिकलो नव्हतो. या गाड्या आवाजच करत नाई. तुमी पाह्यल्या असत्या तर म्हटलं असतं, "हे गाडी होय का टेबलपंखा?"

जीपचे कागद भेटले. भेटून दोन महिने झाले. आठवी नापास माणसाले लिवाले वेळ लागते, असं म्हणणार होतो. पण मंडळाच्या वहीत गाड्यांचे नंबर उतरवाले लावून लिवणं तुमीच पक्कं करून घेतलं. ते कारण चालत नाई.

खरं कारण मागच्या सोळा ऑक्टोबरचं आहे.

आपलं जुन्या गाड्यांचं मंडळ अकरावरून तीनवर आलं. इंदुताईची ॲम्बेसेडर, पत्रूभाऊची फियाट, तुमची जीप. तिनाच्या खाली गेलं का बंद, हे ठरलेलं. अन् दरसाल सोळा ऑक्टोबरले वरोऱ्याहून चांद्याच्या दीक्षाभूमीवर निघाच्या आधी तुमचा नियम: रातभर उभी राहून थंड झालेली गाडी, मालकाचा हात, समोरून फिरवाचे तीनच हँडल, तेवढ्यात सुरू झाली पायजे. नाई लागली तर वहीतून नाव खोडा. सख्ख्या भावाची गाडी तुमी अशीच खोडली.

त्या सकाळी तुमी आंघोळीले गेले, तवा मी वीसेक हँडल मारून जीप सुरू केली अन् दहा मिनिटं चालू ठेवली. विहारात वंदनेचा भोंगा सुरू होता, आवाज त्यात दबला. मंग तुमच्या तिसऱ्या हँडलले ते लागली. पत्रूभाऊ म्हणे, "म्हातारी अजून जवान आहे." तुमी बोनेटवर हात ठेवला अन् झटकन काढला. माह्याकडं पाह्यलं. इंदुताईले म्हटलं, "सुरू झाली. लिवा."

मंडळ बंद पडलं तर तुमी कुठी बसान, हेच माह्या डोक्यात होतं.

मी वर्षभर शिव्यांची वाट पाह्यली. तुमी गाडीच माह्या नावावर केली. ना मी पोरगा, ना पुतण्या. एवढा भरोसा माह्यावर कोणी टाकला नव्हता, नानाजी.

चार दिवसाची सुट्टी मंजूर झाली. कायमचा येतो असं म्हणत नाई, माहे पाय तुमाले माहीत आहे. पंधरा ऑक्टोबरले संध्याकाळी पोचतो. जीपले कोणाले हात लावू देऊ नका, मलेही नाई. सोळाले पहिले तुमी बोनेटवर हात ठेवजा, साऱ्यांच्या समोर. मंग हँडल मी मारतो. नाई लागली तर वहीतलं नाव मीच खोडतो.

लागो का न लागो, मागच्या सालचं मी साऱ्यांले सांगणार आहे. तुमाले समजलं होतं, तेवढं सांगत नाई.

जीपचा मालक म्हणाले अजून लाजणारा,
तुमचा
राजदीप