सुपरवायझरने दिलेला ब्रेक

जयाताई, सिल्वासाहून वाल्मिकचा नमस्कार.

मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

सोमवारी सुपरवायझर म्हणाला, "तुला ब्रेक." मी चहा पिऊन मशीनवर परतलो. तो म्हणाला, "अरे भाऊ, महिनाभर यायचं नाही. कंत्राटी माणसाला असा ब्रेक देतात." सगळे हसले, मीही हसलो.

तू शाळेत या शब्दाचे मोडणं, तोडणं, मधली सुट्टी असे अर्थ शिकवतेस. हाही शिकव.

मधेच बोलावतील म्हणून इथेच थांबलोय. खोलीतले कामावर गेले की दिवसभर बोलायला कोणी नसतं. काल शेजारच्या मावशींनी "केम छो?" विचारलं, तर आवाजच फुटेना.

आईला एवढंच सांग, की मला सुट्टी मिळाली. मग घरी का येत नाही असं तिने विचारलं, तर विषय बदल.

तुझाच धाकटा,
वाल्मिक