तानुबाईचा तांब्या

धरणगाव, १४ जून १९५४

चि. पितांबरभाऊंस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

"गळका तांब्या नको दिऊ, तठे पानी मोजीसन भेटस." बोटीवर पाणी मोजून मिळतं म्हणून तुमचे दादा निघताना एवढंच म्हणाले होते. त्यांनी बरोबर काय काय नेलं ते आठवून लिहा असं तुम्ही कळवलंत, तर वस्तूंच्या आधी हे वाक्यच पुढे आलं. युगांडाच्या कापसाच्या जिनात फिटरची नोकरी मिळाली म्हणून केवढा आनंद होता, आणि निघताना बोलणं तांब्याचं. कार्तिकात त्याला बारा वर्षं होतील.

आता वस्तू. हिरवी पत्र्याची पेटी, दोन कांबळी, हत्यारांची पिशवी, मायंनी बांधून दिलेल्या दशम्या, आणि गळक्याच्या बदली घरातला दुसरा एक चांगला तांब्या. गळका अजून इथेच आहे. सगळ्या गावाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या तांब्याला डाग देऊन भोक बुजवायला सवड झाली नाही. माय मलाही तो कासाराकडे नेऊ देत नाहीत. म्हणतात, चुडामण आला की तोच करील. रोज मी तो तुळशीवर टांगते. थेंब थेंब पाणी पडतं, तेवढाच उपयोग.

बुडालेल्या बोटीची भांडीकुंडी जमवून काय मिळतं, असं भाऊबंदांतले झुलालनाना इथे सगळ्यांना विचारत असतात. खरं म्हणजे मलाही ते माहीत नाही. प्रकृतीला जपा. सुनंदाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची वहिनी,
सौ. पुष्पा

धुळे, ९ जुलै १९५४

तीर्थस्वरूप सौ. वहिनींच्या सेवेशी पितांबरचे शिरसाष्टांग नमस्कार. मायच्या पायांवर डोके.

यादी मिळाली. पुढच्या खोलीत आता पाहुण्याला बसायला जागा नाही. सुनंदा म्हणते, धुळ्याला समुद्र नाही ही उणीव तुम्ही एकट्याने भरून काढलीत. दादाच्या 'तामरीना' बोटीची निळ्या नांगराची बशी, चार चमचे, कमरेला बांधायच्या बुचाच्या पट्ट्याचा तुकडा, एका केबिनची किल्ली, असं सगळं मिळून एकतीस नग झाले. वाचलेल्या माणसांना मी पत्रं घालतो. दहांतला एक उत्तर देतो. कुणी वस्तू देतो, कुणी शिव्या. प्रत्येक नगाला मी चिठ्ठी लावतो, कुठून आला आणि कुणाचा. नाव कळलं की ती चिठ्ठी एक दिवसही कोरी ठेवत नाही. त्या घरी लगेच कळवतो. नाव कळूनही गप्प बसणं मला चोरीसारखं वाटतं.

परवा नवसारीहून एक तांब्या आला. देणारे गृहस्थ पाणबुडीने बोट फोडल्यावर सात दिवस लहान होडीत होते. होडीतलं पाणी त्या तांब्याने वाटलं जाई. ज्याचा तांब्या तोच वाटायचा, सगळ्यांना एकेक घोट, स्वतः शेवटी. पाचव्या दिवशी तो गेला आणि त्याला पाण्यात सोडलं. घसे इतके सुकले होते की नावं कुणी कुणाला विचारली नाहीत, असं ते म्हणतात.

तांब्या म्हटल्यावर मी आधी त्यावरचं नाव पाहिलं. पण आपल्या घरच्या भांड्यांवर आबांचं नाव, 'लोटन पुना'. यावर 'तानुबाई, सोनगीर' असं घातलेलं आहे. म्हणजे तानुबाई बोटीवर होती आणि वाटणारा तिचा नवरा असावा, असं धरून मी रविवारी सोनगीरला जाऊन आलो. तांबट आळीत माझी चांगलीच चेष्टा झाली. एक म्हातारा म्हणाला, मास्तर, आमच्या बाया कपिलधारेच्या जत्रेला जायचं तर चार दिवस रडतात, आफ्रिकेला कोण जाते? तूर्त चिठ्ठीवर 'मालक अज्ञात' असं लिहून ठेवलं आहे.

आपल्या आशीर्वादाची सावली असू द्यावी.

आपला,
पितांबर

धरणगाव, २ ऑगस्ट १९५४

चि. पितांबरभाऊंस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मायंना खोकला होता. कपाशीची निंदणी चालू आहे, बाया मिळत नाहीत. कौतिक पोस्टमनने पत्र आणलं की दारातूनच मोठ्याने पुकारतो, "सौ. पुष्पाबाई चुडामण!" माय खाटेवरून ते नाव पुरतं ऐकून घेतात आणि मगच कूस बदलतात. पत्र मी त्यांना वाचून दाखवते.

सोनगीरला पुन्हा जाऊ नका, उगीच पायपीट. त्या तांब्याच्या काठाला पोचा आहे का? सहज विचारते.

वहिनी

धुळे, १९ सप्टेंबर १९५४

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

शाळेच्या परीक्षांत बुडालो होतो, क्षमा असावी. पोचा आहे, अंगठा बसेल एवढा. आपण कसं ओळखलंत?

झुलालनानांचं पत्र आलं. बारा वर्षं भरतात, तेव्हा कार्तिकात दर्भाचा पुतळा करून दादाची क्रिया उरकावी आणि आपलं कुंकू उतरवावं, असं भाऊबंदांचं म्हणणं आहे. मी साफ नाही कळवलं. दादाची म्हणून एक वस्तू माझ्या हाती आली, तर दर्भ मी स्वतः आणीन. तोवर माझा दादा प्रवासात आहे.

आपला,
पितांबर

धरणगाव, ३ ऑक्टोबर १९५४

चि. पितांबरभाऊंस आशीर्वाद.

तानुबाईला शोधू नका. ती माझी आत्या. माझ्या लग्नात तिने तो तांब्या आहेर केला. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं हे तुम्ही विसरलात. तुम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतात, लाडू सोडून आहेर कशाला बघाल? पोचा पहिल्याच वर्षी माझ्या हातून विहिरीच्या काठावर पडला. मी ठोकून देतो, असं तुमचे दादा म्हणाले होते. तेही राहिलं.

मला जुलैतच कळलं होतं. माय समोर बसल्या होत्या. नवसारीचा मजकूर मी गाळला आणि सोनगीरची चेष्टा वाचली. त्या पोट धरून हसल्या. मग मी पोचा विचारला, वाटलं, एखादे वेळी नसेलही.

मला आधी राग आला, भाऊ. घरी पहिल्या पंगतीला बसणारा माणूस, तिथे शेवटी प्यायला यांना कोणी सांगितलं होतं? नंतर वाटलं, गळका दिला असता तर त्या लोकांना तेवढंही मिळालं नसतं. त्याहून पुढचं काही सुचत नाही. दमले आहे. रोज सकाळी आरशात न बघता कुंकू लावते, आता हाताला जागा पाठ आहे. ते उतरलं तर मला हलकंच वाटेल, हे कुणाला सांगू नका. पण माय रोज तुळशीजवळ जाऊन गळक्या तांब्याखाली हात धरतात, अजून गळतो ना ते बघतात, आणि समाधानाने परत येतात. कार्तिकात पुतळा जळला तर त्या पौष बघणार नाहीत.

खरं लपवून तुमच्याकडून पुतळा अडवून ठेवणं मला जमेना, म्हणून लिहिलं. पत्र तुमच्याच हाती पडावं म्हणून शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. आता एक मागणं. नानांना कळवा की दादांचं काही मिळालं नाही. पाकिटावर माझ्या नावामागे 'सौ.' लिहीत जा, कौतिकला पुकारता येईल असं ठळक. आणि तांब्याची चिठ्ठी बदलू नका.

नाव कळल्यावर तुम्ही चिठ्ठी एक दिवसही कोरी ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. सख्ख्या भावाचं नाव तर मुळीच ठेवणार नाही. दर्भ आणायची भाषाही तुमचीच आहे. तुमचं 'नाही' मला इथे बसून ऐकू येतं आहे. तरी मागते. माय आहेत तोवर 'मालक अज्ञात' एवढंच राहू द्या.

तुमची वहिनी,
पुष्पा