खाल्ल्या मिठाला

सोमवार
इंजिनखोलीत घाम गाळणाऱ्या माझ्या भावांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. वरच्यांना वारा, आपल्याला धूर. आणि इंजिन बंद पडलं की शिव्याही आपल्याच वाट्याला. (रोजनिशीतही भाषण ठोकतोय. ताई म्हणते, तुला माईक नको, बूच हवं.)

आज मात्र मन खूश आहे. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, ते चालवतात त्या प्रवासी लाँचवर मला मेकॅनिक म्हणून चिकटवलं. इंजिनाभोवती गोडं पाणी फिरतं. त्याला गार करायला शेजारच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी. नळी कुरतडली गेली की खारं आत शिरतं आणि लोखंड खातं. म्हणून इथली रीत अशी की सकाळी मेकॅनिकने गोड्या पाण्याच्या टाकीत बोट बुडवून चाखायचं, वर 'गोड' म्हणून हाक द्यायची, मगच कप्तान दोर सोडणार. कप्तान दाजीच. म्हणाले, सासरच्या माणसाकडून पहिल्यांदाच काही गोड ऐकायला मिळेल.

मंगळवार
चाखलं. खारट. झाकण उघडलं तर आत पांढरी खपली, तिच्याखाली लोखंड भिजल्या बिस्किटासारखं. नखाने सुटत होतं. मी 'खारट' ओरडलो, लाँच थांबली. लाँचचे मालक आले. भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली, गंजावर रंग फासला, झालं काम! वर मलाच सुनावलं, की तुझ्या जिभेला हाड नाही, खाल्ल्या मिठाला जागायला शीक. मी म्हणालो, तुमचं कुठलं, मीठ तर मी या इंजिनाचं खातोय. सगळे हसले. मालकही हसले, जरा जास्तच.

बुधवार
पाणी कालच्याहून खारट. तोंड उघडलं आणि बाहेर आलं 'गोड'. माझाच आवाज, खणखणीत. दाजींनी दोर सोडला. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा गोड.
जिभेवर पांढरी खपली आली आहे. खरवडली तरी परत धरते.

गुरुवार
आधीच्या मेकॅनिकच्या घरी गेलो. तो खिडकीशी बसलेला, ओठांच्या कडा पांढऱ्या. त्याच्या बायकोने सांगितलं, लाँचवर लागल्यापासून हा एकच शब्द बोलतो. आई गेली तेव्हाही गोडच म्हणाला.
म्हणजे मालकाला ठाऊक आहे. त्याला मेकॅनिक नकोच होता. त्याला जीभ हवी होती. माणसं बुडाली तर म्हणणार, मेकॅनिकने गोड सांगितलं होतं. अरे चोरा, तुझं लोखंड सडलंय आणि जबाब माझ्या तोंडात कोंबतोस?

शुक्रवार
खडूने इंजिनावर 'खारट' लिहायला गेलो. उमटलं गोड. पाना घेऊन इंधनाची नळीच सोडवायला बसलो, तर बोटं जाम झाली, गंजल्या नटासारखी.
लाँच आज खाडीच्या मधोमध धापा टाकत खडकांकडे वाहवत गेली. ताई तीत होती. रात्री घरी ती ते हसत हसत सांगत होती आणि मी तिच्यासमोर बसून गोड, गोड म्हणत होतो. ती खूश. म्हणाली, नोकरीने तुला माणसात आणलं.

शनिवार
इंजिनातलं तेल दुधी झालंय. पाणी पोटात गेलं. आता इंजिन कधीही जाम होईल — मधोमध, ओहोटीत —
लोकांसमोर हात फिरतो. या पानावर अजून माझा आहे. फक्त इथे.
उद्या ताई दोन्ही पोरांना घेऊन पलीकडे जाणार.

रविवार
हे पान फाडून दाजींच्या जेवणाच्या डब्यात ठेवणार. त्यांच्यासाठी लिहायचं ठरवलं तेव्हापासून — हात जड. नखांतून तांबूस काहीतरी —
लाज वाटू दे त्याला. रंग फासणाऱ्याला. मी त्याचं मीठ खाल्लेलं नाही. नाही खाल्लेलं.
दाजी, नीट वाचा. मी खालून काहीही ओरडलो तरी आज दोर सोडू नका. इंजिन गो — नाही — खा — खारट आहे. माझ्या तोंडावर जाऊ नका. पोरं —
दाजी, दोर सोड