आई कुठाय हिची?

४ जानेवारी
मुक्ताला दवाखान्यातनं घरी आणली. पाच वर्षांचं पोर, डोळे सुजून नुसत्या फटी राहिल्यात. मूत्रपिंडातनं प्रथिनं गळतायत म्हणे, त्यानं सूज. गोळ्या बरेच आठवडे. एकही चुकवायची न्हाय, आपल्या मनानं बंद तर अजिबातच न्हाय. सूज उतरेपर्यंत मीठ बंद. गर्दीत न्यायचं न्हाय.
हे सगळं डॉक्टरनी सांगितलं भिंतीकडं बघून. मला विचारलं एवढंच, "आई कुठाय हिची?" म्हटलं, निपाणीच्या बसवर कंडक्टर आहे, ड्यूटीवर आहे. "मग त्यांना पाठवा, त्यांना नीट समजावतो."
मी काय पिशव्या धरायला गेलतो?

५ जानेवारी
ठरलं. सुजाताला रजा मिळत न्हाय. माझे दोन माग घरामागच्या शेडात, मालक मीच, कामगार मीच. म्हणून घरी मी. सगळ्या गल्लीत माग खडखडतायत, आमचे तेवढे गप्प.
बिनमिठाची आमटी केली. मुक्तानं एक घास घेतला आणि परत ताटात. "पप्पा, आमटीपण आजारी आहे." लिंबू पिळलं, तूप घातलं, जिरं भाजून टाकलं. थोडं गेलं पोटात. मी पण तिच्यासमोर तेच जेवलो. लई वाईट लागतं. आणि ह्या पोरीनं हे रोज खायचं...

८ जानेवारी
शेजारच्या काकू डोकावल्या. "तब्येत भरली की पोरीची! गाल बघा कसे!" सूज आहे हो ती, सूज. सांगितलं तर म्हणतात, "आणि आई गेली व्हय कामाला? असलं पोर टाकून?" दार लावलं. जरा जोरातच.
टाकून म्हणे. मी काय खुर्ची आहे घरातली?
मुक्ताला अंथरुणात कंटाळा. शेडातनं सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणल्या, त्यांना रंगीत सुताचे केस केले, चिंध्यांचे कपडे. उशीवर दवाखाना उघडला. डॉक्टर मुक्ता. "ह्याला मीठ बंद. ह्यालापण बंद. हिला सुई, ही खोटं बोलते." दुपार बरी गेली.

९ जानेवारी
सकाळची लघवी तपासायला पट्ट्या दिल्यात. बुडवायची, रंग बघायचा. पिवळी राहिली तर चांगलं, हिरवी झाली तर प्रथिनं जातायत. आज हिरवट. मुक्ता पट्टीलाच सांगते, "पिवळी व्हय गं! पिवळी व्हय!"

१२ जानेवारी
पिवळी!! डोळे उघडलेत, पायातले पैंजण सैल झाले. सुजाता खाकी कपड्यांतच आली आणि तशीच पोरीशेजारी आडवी झाली. मग दोघींनी कांड्यांना तिकिटं दिली. कांड्या बहुतेक बायका, आणि आमच्याकडं बायकांना बस फुकट, म्हणून त्यांना शून्याचं तिकीट. "पुढं सरका, पुढं सरका" करत हसत होत्या. एक पुरुष कांडी पण आहे, तो मी. मला म्हणे उतरवलं, सुट्टे नव्हते.

१४ जानेवारी
संक्रांत. निपाणीहून आक्का आली. मला वाढवलं ते ह्या थोरल्या बहिणीनंच, आई लवकर गेली. "राहते थोडं दिस. सकाळचं पोरीचं मी बघते, तू माग चालू कर." लई बरं वाटलं. गोळी कुठली, कधी, सगळं समजावलं. मान हलवली तिनं. कैक दिवसांनी माग सुरू केला, कानाला गोड लागला.

१७ जानेवारी
आक्काची बडबड वाढलीया. "गडी माणसानं पोरीची लघवी बघत बसायचं व्हय रं? आई कुठाय हिची? बसमधनं शिट्ट्या फुंकत फिरतीया." सु. आतच होती. तिनं ऐकलं. जेवली, कपड्यांना इस्त्री केली, झोपली.
मी आक्काला म्हटलं, ती नोकरी तिनं स्वतः मिळवलीया. झालं. एवढंच बोललो. पुढं बोलायला पाहिजे होतं, पण आक्कासमोर माझी जीभ जड होते.

२० जानेवारी
पट्टी हिरवट. पापण्या परत जड दिसतात. काय चुकलं? आक्काला विचारलं, मीठ जास्त गेलं का कुठनं? "शपथ न्हाय." गोळी? "माझ्यावर विश्वास न्हाय व्हय?" मागाकडं गेलो.

२१ जानेवारी
पट्टी हिरवीगार.
मुक्ता कांड्यांना गोळ्या देत होती. मधेच म्हणते, "पप्पा, कढीपत्त्यालापण सूज येते?"
"का गं?"
"आत्या माझी गोळी त्यालाच देते की. मला अंगारा देते."
कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरली. पांढरा चिखल.
आक्कानं नाकबूल केलं न्हाय. "व्हय, टाकली. गोळ्यांनीच फुगलंय पोर. आमच्याकडं एका बाईच्या नातवाचं असंच झालं, गोळ्या बंद केल्या आणि उतरलं सगळं. तुला जास्त माया हाय व्हय रं माझ्यापरास?"
ओरडलो. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत न्हाय. "पिशवी भर" एवढं आठवतं.
"मला घालवतोस? मला?"
"व्हय. तुलाच."
मुक्ता रडायला लागली. आक्का रिक्षानं एकटीच स्टँडवर गेली, मी सोडायलाही गेलो न्हाय.

तोच दिवस, संध्याकाळ
आक्का चढली ती बस नेमकी सु.ची. सु. सांगत होती, आक्का खिडकीला बसून संकेश्वरपर्यंत रडत होत्या, काय झालं ते सगळं त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, मग तू काय सुनावलंस?
"काय न्हाय. पाण्याची बाटली दिली."
पाणी! पोरगी परत सुजली आणि हिनं पाणी दिलं! मी भडकलो तर म्हणते, "गर्दी होती हो. आणि मी चिडले असते तर गाडी कुणी सांभाळायची?"

२२ जानेवारी
डॉक्टरकडं. पोरीचे पाय दाबून बघितले, कागद बघितले, मग सुरू. "आईला एवढं लक्ष देता येत नाही?"
उठून उभा राहिलो. म्हटलं, साहेब, गोळ्या मी देतो. स्वयंपाक मी करतो. पट्टी मी बघतो. चूक घरात झाली ती माझ्या नजरेखाली झाली. रागवायचं तर मला रागवा, पण समजावायचं पण मलाच. बाहेर बसलेले आत बघायला लागले.
डॉक्टरनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि पहिल्यापासनं सगळं सांगितलं, मलाच. मीठ परत बंद. गोळ्या परत पहिल्यापासनं. काही पोरांना असं पुन्हा पुन्हा होतं म्हणाले. गोळ्या चुकल्या नसत्या तरी झालं असतं का, हे सांगता येत न्हाय म्हणाले.
हे शेवटचं ऐकून राग कुठं ठेवायचा कळेना.

२६ जानेवारी
शाळेतनं फोन. "मम्मीला द्या." म्हटलं, पप्पाला सांगा. "मम्मी आल्यावर फोन करतो."
पट्टी हिरवी. मुक्ताला झेंडा पाहिजे होता, सुताचा करून दिला. कांड्यांची परेड. सगळ्या उशीवर आडव्या, आजारी असल्यामुळं झोपून परेड.

३० जानेवारी
हिरवट. सूज थोडी कमी. आक्काचे फोन येतात, मी उचलत न्हाय. मुक्ता विचारते, "आत्या रुसली का तुम्ही रुसलाय?" म्हटलं, जेव.

२ फेब्रुवारी
पट्टी हिरवट-पिवळी, मधलीच. मुक्ता म्हणते पिवळी. मला खात्री न्हाय.
रात्री जेवताना सु. सहज म्हणाली, "उद्या आक्का येतायत. माझ्याच गाडीनं. निपाणीच्या स्टँडवर भेटल्या, मी या म्हटलं."
"मला विचारलंस?"
"न्हाय. विचारलं असतं तर न्हाय म्हटला असता."
"परत तसंच केलं तर?"
"गोळी तुमच्या हातात ठेवा. पण पोरगी रोज दाराकडं बघतीया, ते तुम्हाला दिसत न्हाय व्हय?"
दिसतं. सगळं मलाच दिसतं, दिवसभर घरात मीच असतो. ताट तसंच ठेवून शेडात आलोय. गाडी पहाटे जाऊन सकाळीच परत येते. काय बोलायचं आक्काला... बोलायचं का तरी...